बाळंतिणीच्या मृत्यूचा जाब

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असें आपल्याकडे म्हणतात. या म्हणण्यांत कौतुक थोडें आणि भीति फार आहे. जी सुखरूप उठली ती पुन्हा जन्मली. जी उठली नाहीं तिच्याविषयीं चार दिवस हळहळून लोक आपल्या कामाला लागत. पांचव्या दिवशीं पांचवी पुजावी, सहाव्या रात्रीं सटवी येऊन बाळाच्या कपाळीं लेख लिहून जाते असें मानावें, अंधाऱ्या खोलींत शेगडी पेटवून बाळंतिणीला शेक द्यावा, आणि एवढें करूनही तिला ताप भरला तर नशिबावर हवाला ठेवावा, असा कित्येक पिढ्यांचा क्रम होता. याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, बाळंतपणांत मेलेली स्त्री हडळ होते, अशी खेडोपाडीं समजूत होती. म्हणजे जिच्यावर आपत्ति कोसळली तिचीच मागें राहिलेल्यांनीं धास्ती घ्यावयाची! तिच्या मृत्यूला कोणी जिवंत माणूस जबाबदार असूं शकेल, सुइणीचा हात, वैद्याचें अज्ञान किंवा इस्पितळांतील हयगय यांबद्दल कोणाला तरी जाब विचारतां येईल, ही कल्पना कोणाच्या मनाला शिवतही नव्हती.

ती कल्पना पुढें आली आणि रुजली. आज बाळंतिणीच्या मृत्यूबद्दल किंवा तिला झालेल्या इजेबद्दल न्यायालयांत दावा लावतां येतो, आणि योग्य पुरावा असेल तर तो जिंकतांही येतो. परंतु येथपर्यंतची वाट दोनशें वर्षांची आहे. तिचा पहिला टप्पा इंग्लंडांत लागतो, कारण आपल्या देशांतील आजचा कायदा त्याच मुळांतून फुटला आहे.

१८०७ सालीं लंडन येथें विल्यमसन नांवाच्या इसमावर खुनाचा खटला चालला. हा कोणी पदवीधर वैद्य नव्हता. गोरगरिबांच्या वस्तींत बाळंतपणें करण्याचा त्याचा व्यवसाय होता. इंग्लंडांत सुइणीचें काम करणाऱ्या अशा पुरुषांचा एक वर्गच त्या काळीं तयार झालेला होता. एका स्त्रीची प्रसूति झाल्यानंतर तिचें अंग बाहेर आलें. वैद्यकाचें थोडेंबहुत ज्ञान असलेल्या कोणालाही तो गर्भाशय आहे हें कळलें असतें. विल्यमसनला तो अडकून राहिलेल्या वारेचा भाग वाटला, आणि त्यानें तो ओढून तोडला. ती स्त्री मरण पावली.

खटल्यांत एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी घडली. त्याच वस्तींतील कित्येक बायका साक्षीला आल्या, आणि या माणसानें आपलीं बाळंतपणें नीट केलीं, तो मनाचा दयाळू आहे, असें त्यांनीं शपथेवर सांगितलें. मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनीं ज्यूरीला समजावून दिलें कीं, येथें खुनाचा प्रश्नच नाहीं. आणि मनुष्यवधाचा दोष ठेवावयाचा असेल तर आरोपीचें अज्ञान अगदीं पराकोटीचें होतें किंवा त्याची बेपर्वाई गुन्ह्याच्या पदवीला पोंचली होती, असें दिसलें पाहिजे. ज्यानें इतक्या स्त्रियांना सुखरूप सोडविलें, त्याच्या अंगीं कांहीं तरी कसब असलेंच पाहिजे, असेंही त्यांनीं सुचविलें. आरोपी निर्दोष सुटला.

हा न्याय आज वाचणाराला विचित्र वाटतो. शंभर बायका वांचल्या हें एकीच्या मृत्यूचें उत्तर कसें होऊं शकेल? तथापि न्यायाधीशांपुढें जी अडचण होती तीही खरी होती. प्रत्येक चुकीला जर फांसाची भीति लावली, तर गरिबाच्या झोंपडींत मध्यरात्रीं धांवून जाणारा कोण उरेल? जाब न विचारला तर हयगय माजते, आणि फार कठोरपणें विचारला तर हात थरथरूं लागतो. या दोन टोंकांमधील वाट शोधण्यांत पुढच्या दोन शतकांतील न्यायाधीशांची बुद्धि खर्ची पडलेली आहे.

यानंतर दहाच वर्षांनीं राजवाड्यांतच असा प्रसंग आला. इंग्लंडच्या राजप्रतिनिधीची एकुलती एक कन्या शार्लट ही राज्याची भावी वारस होती. १८१७ सालच्या नोव्हेंबरच्या ३ तारखेस क्लेअरमाँट येथील वाड्यांत तिला कळा सुरू झाल्या. सर रिचर्ड क्रॉफ्ट हा नामांकित प्रसूतिवैद्य जवळ होता. सुमारें पन्नास तास कळा चालल्या. मूल सोडविण्याचे चिमटे हाताशीं असूनही क्रॉफ्टनें ते वापरले नाहींत, कारण निसर्गाच्या कामांत हात घालूं नये असें त्या काळच्या वैद्यकाचें प्रतिष्ठित मत होतें. ५ तारखेच्या रात्रीं मृत पुत्र जन्मला. त्यानंतर रक्तस्राव झाला, आणि ६ तारखेच्या पहांटेपूर्वींच राजकन्येनें प्राण सोडला. योगायोगाची गोष्ट अशी कीं, याच ५ नोव्हेंबरला इकडे पुण्याजवळ खडकीच्या मैदानावर पेशव्यांची व इंग्रजांची लढाई होत होती. एका बाजूस एक राज्य बुडत होतें, आणि दुसऱ्या बाजूस ज्याचा जय होत होता त्या राज्याचा वारस मातेच्या उदरांतच मृत झाला होता.

क्रॉफ्टवर कोणीही खटला भरला नाहीं. राजघराण्यानें त्याच्यावर विश्वास असल्याचें कळविलें. परंतु लोकमताच्या न्यायालयांत अपील नसतें. त्याची जिकडे तिकडे निंदा झाली. तीन महिन्यांनीं, १३ फेब्रुवारी १८१८ रोजीं, दुसऱ्या एका स्त्रीच्या बाळंतपणाला हजर असतां त्यानें स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याचा दोष असलाच तर तो आळसाचा किंवा मद्याचा नव्हता. आपल्या काळच्या शास्त्राबरोबर तो चालला, आणि तें शास्त्रच अपुरें होतें. राजाला दुसरी औरस नातवंडें नसल्यामुळें वारसाची घाई उडाली, राजपुत्रांचे विवाह झाले, आणि १८१९ सालीं व्हिक्टोरिया जन्मली. व्हिक्टोरिया राणीच्या प्रदीर्घ कारकीर्दीच्या मुळाशीं हें एक फसलेलें बाळंतपण आहे.

येथवर हाताच्या चुकीची गोष्ट झाली. परंतु बाळंतिणींचा सर्वांत मोठा संहार हातांतील कसबाच्या अभावानें झाला नाहीं; तो हाताच्या अस्वच्छतेनें झाला. प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं हुडहुडी भरावी, पोट फुगावें, ताप चढावा आणि आठवड्याच्या आंत बाळंतीण जावी, असा हा प्रसूतिज्वर युरोपांतील सूतिकागृहांत साथीसारखा फिरत असे. वाईट हवा, दुधाचा कोप, मनाची उदासीनता अशीं नाना कारणें पंडितांनीं पुढें केलीं होतीं.

स्कॉटलंडांतील ॲबर्डीन शहरीं अलेक्झांडर गॉर्डन या वैद्यानें १७९५ सालीं एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. आपल्या गांवच्या साथींतील ७७ रुग्ण स्त्रियांचा तक्ता त्यानें त्यांत दिला, आणि प्रत्येकीपुढें तिचें बाळंतपण कोणी केलें तें नांवानिशीं लिहिलें. तक्त्यावरून एक गोष्ट उघड झाली. ज्या सुइणीनें किंवा वैद्यानें आधीं ज्वराच्या रुग्णाला हात लावला होता, त्याच्याच हातून पुढच्या बाळंतिणीला ज्वर लागत होता. रुग्णाचीं वस्त्रें जाळावीं अथवा शुद्ध करावीं, शुश्रूषा करणारांनीं अंग धुवावें, असा उपाय त्यानें सांगितला. त्या यादींत त्यानें स्वतःलाही वगळलें नाहीं. कित्येक स्त्रियांपर्यंत हा रोग आपणच नेला असें त्यानें स्पष्टपणें लिहून ठेवलें. परिणाम काय झाला? सुइणी चिडल्या, गांव उलटला, आणि त्याला ॲबर्डीन सोडून आरमाराची नोकरी धरावी लागली. १७९९ सालीं तो वारला.

पुढें १८४३ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें ऑलिव्हर वेंडेल होम्स यानें हेंच मत पुराव्यानिशीं मांडलें. फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या अध्यापकानें त्याची टर उडविली. डॉक्टर हे सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात, असा त्या अध्यापकाच्या युक्तिवादाचा मथितार्थ होता.

व्हिएन्ना येथील सार्वजनिक इस्पितळांतील प्रकार तर सुप्रसिद्धच आहे. तेथें प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. दिवसाआड एकेका विभागांत बायका भरती होत. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शंभरांत अकरा बाळंतिणी मेल्या, दुसऱ्यांत तिनाहूनही कमी. शहरांतील गरीब बायकांना हें आंकडे न शिकतां ठाऊक होतें. पहिल्या विभागाचा दिवस आला म्हणजे त्या पायां पडून दुसऱ्यांत घेण्याविषयीं विनवीत, आणि कित्येकजणी मुद्दाम रस्त्यांतच बाळंत होत. इग्नात्स सेमेलवाइस हा तरुण हंगेरियन वैद्य तेथें साहाय्यक होता. १८४७ सालच्या मार्चमध्यें त्याचा स्नेही कोलेट्श्का शवविच्छेदनाच्या वेळीं विद्यार्थ्याच्या सुरीनें बोट कापून मरण पावला. त्याच्या शवांत दिसलेल्या खुणा प्रसूतिज्वरानें मेलेल्या स्त्रियांच्या खुणांशीं तंतोतंत जुळल्या. सेमेलवाइसला उलगडा झाला. विद्यार्थी सकाळीं प्रेतें चिरीत, आणि तेच हात घेऊन बाळंतिणींना तपाशीत. सुइणी प्रेतांना हात लावीत नसत. त्यानें मे महिन्यापासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति केली. एप्रिलमध्यें शंभरांत अठरा मृत्यु होते. जुलैमध्यें ते शंभरांत सव्वाच्या आंत आले.

एवढा प्रत्यक्ष पुरावा असूनही श्रेष्ठींना तो रुचला नाहीं, कारण तो मान्य करणें म्हणजे आजवरच्या शेंकडो मृत्यूंचा दोष आपल्या माथीं घेणें होतें. सेमेलवाइसनें शेवटीं युरोपांतील अध्यापकांना उघड पत्रें लिहून खुनी म्हणण्यापर्यंत मजल नेली. १८६५ सालच्या ऑगस्टमध्यें वेड्यांच्या इस्पितळांत त्याचा अंत झाला. १८७९ सालीं पाश्चर यानें पॅरिसच्या सभेंत प्रसूतिज्वराचे जंतु फळ्यावर काढून दाखविले, आणि मग वाद मिटत गेला.

या शेंकडो मृत्यूंबद्दल एकाही न्यायालयांत जाब विचारला गेला नाहीं, याचें नवल करण्याचें कारण नाहीं. कायदा शास्त्राच्या मागून चालतो. अमुक एक खबरदारी घेणें हें कर्तव्य आहे असें शास्त्रानें ठरविल्याशिवाय ती न घेणें ही हयगय आहे असें न्यायाधीश म्हणूं शकत नाहीं. १८४० सालीं हात न धुणारा वैद्य अज्ञानी होता. १९०० सालीं हात न धुणारा वैद्य अपराधी ठरला. कृत्य तेंच, परंतु मधल्या साठ वर्षांत ज्ञानाची भर पडली. ज्ञान वाढतें तसतशी जबाबदारी वाढते.

महाराष्ट्रांत या जाणिवेचा उगम एका घरगुती दुःखांत सांपडतो. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चवदा वर्षांच्या असतां त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्यांनीं तो सटवीचा लेख म्हणून सोडून दिला नाहीं. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाहीं म्हणून मूल गेलें, हा विचार त्यांच्या मनांत रुजला, आणि त्या अमेरिकेंत जाऊन १८८६ सालीं डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हाच होता. दैवाच्या जागीं कारण शोधणें ही जाब विचारण्याची पहिली पायरी आहे. ती एका मराठी मुलीनें ओलांडली. त्या १८८७ च्या फेब्रुवारींत अवघ्या एकविसाव्या वर्षीं निवर्तल्या. त्याच सुमारास, १८८६ सालीं, मुंबईंत स्त्रियांसाठीं कामा इस्पितळ उघडलें होतें.

आतां पुन्हा लंडनला जावयास हवें, कारण विल्यमसनच्या खटल्यांतील प्रश्न तेथें सव्वाशें वर्षांच्या आंतच फिरून उभा राहिला. १९२४ सालच्या जुलैमध्यें डेटफर्ड या गरीब वस्तींत डॉक्टर बेटमन यांना एका अडलेल्या स्त्रीकडे बोलावणें आलें. हे पदवीधर असून बाळंतपणांचा त्यांना पुष्कळ वर्षांचा अनुभव होता. मूल आडवें असल्यामुळें क्लोरोफॉर्म देऊन तें फिरविण्याचा त्यांनीं प्रयत्न केला. मूल मृत निघालें. नंतर हातानें वार काढतांना वारेबरोबर गर्भाशयाचाही भाग ओढला गेला. एवढ्यावरही कदाचित् निभावलें असतें. पण स्त्रीची अवस्था बिघडत असतां सुमारें पांच दिवस तिला इस्पितळांत हलविण्यांत आलें नाहीं. हलविल्यावर ती लवकरच मरण पावली. ज्यूरीनें बेटमन यांना मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविलें.

१९२५ सालीं वरिष्ठ न्यायालयांत मुख्य न्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनीं ही शिक्षा रद्द केली. त्या वेळीं त्यांनीं जो भेद स्पष्ट केला तो पुढें जगभर प्रमाण मानला गेला. चूक ही एक गोष्ट, आणि गुन्हा ही दुसरी. डॉक्टर आपल्या कामांत सामान्य प्रतीच्या दक्षतेला उणा पडला तर त्यानें भरपाई द्यावी. हा दोन पक्षांमधील पैशाचा प्रश्न झाला. परंतु त्याला कैदेंत घालावयाचें असेल, तर त्याची हयगय भरपाईनें भागण्यापलीकडची, दुसऱ्याच्या जिवाची पर्वाच न करणारी, आणि म्हणून सरकारनें शिक्षा करण्याजोगी असली पाहिजे. एलेनबरोंच्या न्यायांत जें धूसर होतें तें येथें स्पष्ट झालें. विल्यमसनच्या काळीं सुटका किंवा फांस अशी दोनच दारें होतीं. आतां मधलें एक दार उघडलें, आणि बाळंतिणींच्या बाबतींतील बहुतेक दावे पुढें त्याच दारानें आंत आले.

आपल्याकडेही अशीच दुपेडी व्यवस्था आली. हयगयीनें मृत्यु घडविल्याबद्दल शिक्षा सांगणारें ३०४-अ हें कलम भारतीय दंडविधानांत १८७० सालीं घालण्यांत आलें. २०२४ सालापासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमानें घेतली आहे. मृत्यु हा आरोपीच्या हयगयीचा थेट परिणाम असला पाहिजे, असें मुंबईच्या उच्च न्यायालयानें १९०२ सालींच सांगून ठेवलें होतें. भरपाईच्या बाजूनें पाहिलें तर पुण्याच्या एका शस्त्रवैद्यावरील दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं डॉक्टरचीं तीन कर्तव्यें सांगितलीं: रुग्ण हातीं घ्यावा कीं नाहीं हें दक्षतेनें ठरविणें, कोणते उपचार करावे हें दक्षतेनें ठरविणें, आणि ते उपचार दक्षतेनें करणें.

परंतु महाराष्ट्रांतील बाळंतिणींच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा निकाल त्या वेळच्या औरंगाबादच्या सरकारी इस्पितळांतील एका प्रकरणाचा होय. १० जुलै १९६३ रोजीं एक विवाहित स्त्री तेथें बाळंतपणासाठीं दाखल झाली. आणखी अपत्य नको म्हणून प्रसूतीनंतर १३ तारखेस तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. ही शस्त्रक्रिया साधी समजली जाते. तरीही लगेच तिला तीव्र ताप भरला आणि पोटांत असह्य वेदना सुरू झाल्या. दोन दिवसांनीं तिच्या पतीनें दुसऱ्या एका अनुभवी शस्त्रवैद्याला आणून दाखविलें. पोट पुन्हा उघडून पाहावें असा सल्ला त्यांनीं तेव्हांच दिला होता, परंतु तो मानला गेला नाहीं, असें फिर्यादीचें म्हणणें होतें. १९ तारखेस पोट उघडलें. आंत पू झालेला होता, आणि पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळीं रक्त टिपण्यासाठीं वापरलेलें फडकें तसेंच राहून गेलेलें होतें. २४ जुलैला ती स्त्री मरण पावली. तिच्यामागें पति आणि लहान मुलें राहिलीं.

पतीनें आणि मुलांनीं दावा लावला. खालच्या न्यायालयानें ३६,००० रुपये भरपाई ठरविली. सरकारनें अपील केलें, आणि उच्च न्यायालयानें तो हुकूम फिरविला. कारणें दोन होतीं. एक, त्या फडक्यामुळेंच मृत्यु ओढवला हें सिद्ध झालें नाहीं. आणि दुसरें, लोकांसाठीं इस्पितळें चालविणें हें राजसत्तेचें काम आहे, त्यांतील चुकीबद्दल सरकारकडून भरपाई मागतां येत नाहीं. सामान्य माणसाला हें दुसरें कारण ऐकून काय वाटलें असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. ज्याला खासगी डॉक्टर परवडतो त्याला दाद आहे, आणि जो सरकारी इस्पितळाच्या पायरीवर येतो त्याला ती नाहीं, असाच त्याचा अर्थ होत होता.

२० फेब्रुवारी १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हा निकाल उलटविला आणि मूळ हुकूम कायम केला. पोटांत फडकें राहणें ही गोष्टच स्वतःचें बोलणें बोलते, हयगयीला आणखी निराळा पुरावा नको. शस्त्रक्रियेच्या खोलींतील अनेकांपैकीं नेमकें कोणाचें दुर्लक्ष झालें हें बोट ठेवून दाखवितां आलें नाहीं तरी इस्पितळ चालविणारें सरकार जबाबदार राहतें. आणि इस्पितळ चालविणें हें कांहीं राजसत्तेचें अनिर्बंध काम नव्हे, असें न्यायमूर्तींनीं ठरविलें. त्या स्त्रीच्या मृत्यूला तेव्हां जवळजवळ तेहेतीस वर्षें झालीं होतीं. जें मूल त्या जुलैमध्यें जन्मलें तें आतां बत्तीस वर्षांचें होतें. छत्तीस हजार रुपयांना १९६३ सालीं जी किंमत होती ती १९९६ सालीं राहिली नव्हती. निकाल न्यायाचा झाला यांत शंका नाहीं. पण न्याय एका पिढीच्या अंतरानें आला, हेंही इतिहासानें नोंदविलें पाहिजे.

हें अंतर कमी व्हावें म्हणून निराळी वाट निघाली होती. १३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालानें, पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहकसंरक्षणाच्या कायद्याखालीं आली, आणि दिवाणी न्यायालयाच्या लांब फेऱ्यांवांचून दाद मागण्याची सोय झाली. या सोयीबरोबर तक्रारीही वाढल्या, आणि रुग्ण दगावला कीं डॉक्टरांवर फौजदारी करण्याची प्रवृत्तिही बळावली. म्हणून २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयाला बेटमनच्या निकालांतलें तत्त्व पुन्हा सांगावें लागलें: फौजदारी आरोपासाठीं हयगय घोर स्वरूपाचीच पाहिजे, आणि दुसऱ्या निःपक्षपाती डॉक्टराचें मत घेतल्यावांचून डॉक्टरावर खटला भरूं नये.

इंग्लंडांत या कथेला २०१५ सालीं एक नवें वळण लागलें. स्कॉटलंडांतील लानार्कशायर येथें एका मधुमेही व ठेंगण्या बांध्याच्या मातेला, मूल मोठें असल्यास खांदा अडकण्याचा धोका शंभरांत नऊ-दहा इतका असतो, ही गोष्ट डॉक्टरांनीं सांगितली नव्हती. सांगितली तर बायका पोट चिरून घेण्याचाच आग्रह धरतील, असें त्यांचें म्हणणें होतें. १९९९ सालीं प्रसूतीच्या वेळीं खांदा अडकला आणि मुलाला जन्माचें अपंगत्व आलें. तेथील सर्वोच्च न्यायालयानें मातेच्या बाजूनें कौल दिला. पूर्वीं डॉक्टरांच्या वर्गाला जें रास्त वाटे तें रास्त, असा नियम होता; आतां रुग्णाला जें जाणून घेणें महत्त्वाचें वाटेल तें सांगणें हें कर्तव्य ठरलें. विल्यमसनच्या खटल्यांत ती स्त्री केवळ मृत देह होती. येथें ती विचारणारी, ठरविणारी व्यक्ति झाली. दोनशें वर्षांतील खरें स्थित्यंतर हें आहे.

तरी पण दावे हें अखेरचें औषध नव्हे. भरपाईनें माता परत येत नाहीं, आणि शिक्षेच्या भयानें माणसें चूक करण्याचें सोडीत नाहींत. चूक लपविण्यास मात्र शिकतात. हें ओळखून इंग्लंडांत १९५२ सालापासून प्रत्येक बाळंतिणीच्या मृत्यूची गुप्त चौकशी करण्याची पद्धति सुरू झाली. नांवें झांकून ठेवावयाचीं, कोणाला शिक्षा करावयाची नाहीं, परंतु काय चुकलें तें निर्भीडपणें लिहून काढून सर्वांना शिकवावयाचें. केरळांतील प्रसूतिवैद्यांनीं २००४ सालीं हाच मार्ग उचलला. २०१८ ते २०२० या काळांत देशांत लाख जिवंत जन्मांमागें ९७ माता मृत्यु पावत होत्या, आणि महाराष्ट्रांत ३३. हे आंकडे पूर्वीच्या मानानें पुष्कळ खालीं आले आहेत. पण त्या तेहेतीस जणींच्या घरीं आंकड्यानें समाधान होत नाहीं. तेथें एकच प्रश्न असतो: हें टाळतां आलें असतें काय?

या प्रश्नाला न्यायालयानें दिलेलें उत्तर हें नेहमीं दुसऱ्याकडून वसूल केलेलें उत्तर असतें. अलेक्झांडर गॉर्डन यानें १७९५ सालीं दिलेलें उत्तर निराळ्या जातीचें होतें. त्याला कोणी समन्स बजावलें नव्हतें. आपल्याच वहींतील सत्त्याहत्तर ओळी त्यानें पुन्हा पुन्हा वाचल्या, त्यांत आपलें नांव त्याला दिसलें, आणि तें त्यानें खोडलें नाहीं. त्या गांवानें त्याला हांकलून लावलें, परंतु पुढच्या काळानें त्याचेंच म्हणणें खरें केलें. ज्या देशांत अशी वही ठेवणारे आणि ती निर्भयपणें उघडी करणारे वैद्य निपजतील, आणि ज्या समाजाला ती वाचून त्यांना गांवाबाहेर न घालवण्याचें शहाणपण येईल, तेथेंच दावे कमी होतील, आणि तेथेंच बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म न राहतां, तिच्या एकाच आयुष्यांतील एक आनंदाचा दिवस होईल.